ऑफिसच्या फोनच्या फर्मवेअरसाठी लोकल सर्व्हर, ५ हजारांत काय घेऊ?

महापेचा_नवखा: महापे एमआयडीसीत ऑफिस आहे. ३८ आयपी फोन, वाय-फायचे ९ अ‍ॅक्सेस पॉइंट. नवीन फर्मवेअर (फोनच्या आतलं सॉफ्टवेअर) आलं की सगळे फोन एकदम नेटवरून ओढायला लागतात आणि लाइन एकच. गेल्या वेळी अर्धा दिवस कुणाचा मेल जाईना. फाइल एकदाच उतरवून लॅनमधूनच द्यायची आहे. बजेट ५ हजार, त्यावर साहेब रुपया सोडणार नाहीत. टीएफटीपी (लॅनमधून फाइल द्यायची साधी पद्धत) हा शब्द परवाच ऐकलाय, त्या बेताने सांगा.

घोडबंदर_जी: दोन डिस्कवाला नॅस, म्हणजे नेटवर्कवर फाइली ठेवायचा डबा घ्या, डोळे झाकून. माझा डिस्कसकट २८ हजारांना पडला, तीन वर्षांत कुरकुर नाही. टीएफटीपीची फक्त टिक मारायची. मुलीच्या लग्नाचे फोटोपण त्यावरच आहेत.

वागळे_४२: अहो, ५ हजार लिहिलंय त्यांनी. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम टाका, टीएफटीपी त्यातच येतं. मेमरी कार्ड मात्र चांगलं घ्या, माझं दोन वर्षांत गेलं.

घोडबंदर_जी: म्हणूनच म्हणतो, नॅस.

तुर्भे_वायरमन: सर्व्हरचं सोडा, आधी लाइटचं बघा. राउटरचं फर्मवेअर बदलताना ७० टक्क्यांवर लाइट गेली माझी. आता तो राउटर दाराला अटकाव म्हणून लावलाय.

कोपरीकर: काहीही घ्या, पण लॅमिंग्टन रोडला जाऊन घ्या. ठाण्यात तीच वस्तू दीडपट.

वागळे_४२: आणि ग्रँट रोडपर्यंतचा अर्धा दिवस कोण भरून देणार?

नेरुळ_नेटवर्क: सगळे काय घ्यायचं ते सांगताहेत. काय करायचं ते ऐका. सर्व्हरला फिक्स आयपी द्या. डीएचसीपीत (फोनना आयपी वाटणारी सेटिंग) ऑप्शन ६६ मध्ये तो आयपी टाका, सिस्कोचे फोन असतील तर १५०. विंडोज असेल तर फायरवॉलमध्ये टीएफटीपीच्या प्रोग्रॅमलाच परवानगी द्या. विनंती यूडीपी पोर्ट ६९ वर येते, पण फाइल जाते दुसऱ्याच पोर्टवरून. आणि फाइलचा साइझ बघा. जुन्या पद्धतीत ५१२ बाइटचे तुकडे, क्रमांक ६५,५३५ पर्यंतच, म्हणजे ३२ एमबीला गाडी थांबते. आधी एकच फोन करा, तो नीट उठला की मग पाच-पाच.

वागळे_४२: मीपण तेच सांगत होतो.

नेरुळ_नेटवर्क: तुम्ही मेमरी कार्डाचं सांगत होतात.

कोपरीकर: टीएफटीपीला पासवर्डच नसतो म्हणे. असलं ऑफिसात चालू ठेवायचं?

नेरुळ_नेटवर्क: काम झालं की बंद करायचं. फोल्डर फक्त वाचण्यापुरता.

महापेचा_नवखा: सगळ्यांचे आभार. सर्व्हर घेतलाच नाही. स्टोअरमध्ये एक लॅपटॉप पडून होता, कीबोर्डवर चहा सांडल्यामुळे कुणी नेत नव्हतं. त्यावर टीएफटीपीडी६४ हा विंडोजचा टीएफटीपी प्रोग्रॅम टाकला. पहिला फोन ‘फाइल सापडत नाही’ म्हणत बसला. तासाभराने लक्षात आलं, झिप उघडायचीच राहिली होती. मग ३८ फोन दुपारी जेवायच्या सुट्टीत झाले. वायरमनदादांचं ऐकून बजेटमधून यूपीएस आणला.

तुर्भे_वायरमन: लॅपटॉपला कशाला, त्याला बॅटरी आहे की. पीओई स्विचला लावा, तोच नेटच्या वायरीतून फोनना वीज देतो. स्विच गेला की सगळे फोन मेले.

महापेचा_नवखा: स्विचलाच लावलाय दादा. आता एकच अडलंय. अ‍ॅक्सेस पॉइंटची फाइल ४१ एमबीची आहे, ३२ ला येऊन थांबते.

नेरुळ_नेटवर्क: वर लिहिलंय तेच. त्या अ‍ॅक्सेस पॉइंटला मोठे तुकडे मागता येत नसणार. त्याच्या सेटिंगमध्ये एचटीटीपीचा (वेबसाइट उघडते ती पद्धत) पर्याय आहे का बघा. असला तर त्याच लॅपटॉपवर पायथॉन टाका, एका ओळीत सर्व्हर उठतो.

घोडबंदर_जी: नॅसमध्ये एचटीटीपीपण असतं.