अल्टरनेट पिकिंग: तार बदलताना पिक अडकतं

प्रश्न:
इलेक्ट्रिक गिटारवर अल्टरनेट पिकिंगने, म्हणजे पिक (तार छेडायची छोटी चकती) आलटून-पालटून खाली-वर मारत, एकाच तारेवर मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेला चार स्वर स्वच्छ वाजतात. पण प्रत्येक तारेवर तीन स्वरांची स्केल चढताना पिक अडकतं, मनगट आखडतं. पिक १.१४ मिमीचं आहे. उजवा हात कसा ठेवावा?

उत्तर १:
पिकची जाडी ठीक आहे, अडचण कोनात असणार. पिकचा बोटांत धरलेला भाग जमिनीकडे झुकलेला असला की डाउनस्ट्रोक (खाली जाणारा फटका) दोन तारांच्या मध्ये रुततो आणि अपस्ट्रोक (वर येणारा फटका) तारांवरून मोकळा निघतो. तीन स्वर म्हणजे डाउन-अप-डाउन. तार बदलायच्या क्षणी पिक नेमकं खाली रुतलेलं! आधी प्रत्येक तारेवर चार स्वर घेऊन बघा. अडकणं थांबलं तर कारण हेच. मग चढताना तिसरा स्वर हॅमर-ऑनने (पिक न मारता, डाव्या हाताचं बोट तारेवर आपटून) घ्या, पुढची तार डाउनस्ट्रोकनेच सुरू होईल. सगळे स्वर पिकनेच हवे असतील तर त्या शेवटच्या डाउनस्ट्रोकला मनगट किंचित फिरवून पिक वर काढायला शिकावं लागतं. ते वेळखाऊ आहे, पण फार उपयोगी.

उत्तर २:
पिकचं टोक बोटांबाहेर ३-४ मिमीच ठेवा. तळव्याची करंगळीकडची कड ब्रिजवर (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे) नुसती टेकवा. फ्लोटिंग (स्प्रिंगवर तोललेला, हलणारा) ब्रिज मागून दाबला गेला तर सूर चढतो.

प्रश्नकर्ता:
चार स्वरांवर अजिबात अडकत नाही! सरावाची लय किती ठेवू?

उत्तर १:
७० पासून. मात्र लय कमी केली म्हणून स्ट्रोक लांबवू नका.