नवी बॅटरी टाकूनही गाडी उभी राहिली की उतरते – नेमकं कुठे शोधू?

रानवाट
नमस्कार मंडळी. माझी दीडशे सीसीची गाडी आहे, बॅटरी १२ व्होल्ट, ९ एएच (अँपिअर-तास, म्हणजे क्षमता), सीलबंद. रोज चालवली तर काही तक्रार नाही. तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता कट-कट करतो आणि मीटरचे दिवे मंद होतात. धक्का मारला की चालू होते. जुनी बॅटरी गेली असेल म्हणून नवी टाकली, तर थोड्याच दिवसांत तीही तशीच वागायला लागली. गॅरेजमध्ये सांगतात, हीसुद्धा खराब निघाली, बदलून घ्या. मला ते पटत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर आहे. सुरुवात कुठून करू?

पहाटवारा
सोपी युक्ती सांगतो. गाडी चालू ठेवून बॅटरीचं एक टर्मिनल काढा. बंद पडली तर चार्जिंग होत नाही. बरेच जण असंच बघतात.

तांब्याची तार
रानवाट, वरची युक्ती कृपा करून करू नका. पहाटवारा, तुमचा हेतू चांगला आहे, पण इंजिन चालू असताना बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं. ते झेलणारी बॅटरीच मध्ये नसते. बल्ब जातात, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) असेल तर तोही जाऊ शकतो. हातात मीटर असताना हा धोका कशाला?

मी गाड्यांच्या वायरिंगचीच कामं करतो. बॅटरी उतरते म्हणजे तीनपैकी एक गोष्ट असते: ती भरत नाही, भरलेलं धरून ठेवत नाही, किंवा चावी बंद असताना गाडी तिच्यातून खात राहते. हे तीन वेगळे आजार आहेत आणि नवी बॅटरी हा फक्त मधल्यावरचा इलाज आहे.

भरते का, ते आधी बघा. गाडी चालू करून मीटरच्या तारा थेट बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. रेस चार-पाच हजार आरपीएमवर (मिनिटाला इंजिनाचे फेरे) नेली की साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेरापर्यंतही चढत नसेल तर स्टेटर (इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल), रेग्युलेटर (ती वीज आवरून बॅटरीला देणारा डबा) नाहीतर मधलं कपलर (वायरी जोडणारा प्लग), यांपैकी काहीतरी बिघडलंय. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर आवरत नाहीये आणि बॅटरी उकळतेय. फक्त आयडलवर बघून निकाल देऊ नका, तिथे आकडा कमी दिसणं साहजिक आहे.

मग बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा. ९ एएचला ०.९ अँपिअरच्या आसपास पुरे. भरली की गाडीला न जोडता दोन रात्री ठेवा आणि मोजा. १२.६ किंवा जास्त असेल तर बॅटरी धरून ठेवतेय. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी रिकामी. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजलंत तर आकडा फसवा, वरवरचा फुगलेला येतो. नंतर तीच बॅटरी पुन्हा भरून, गाडीला जोडून, चावी बंद ठेवून तेवढ्याच वेळाने मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे गाडीने खाल्लेलं.

रानवाट
दादा, सगळं केलं. चार्जिंग १४.१. बॅटरी सुटी ठेवली तेव्हा १२.७५, गाडीला जोडून ठेवली तेव्हा १२.४. म्हणजे चार्जिंग ठीक आहे, बॅटरीही ठीक आहे, गाडीच खातेय?

तांब्याची तार
हो, आणि आता किती खातेय ते मोजायचं. चावी काढून घ्या. बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा. नेहमी निगेटिव्ह आधी काढायचं आणि बसवताना शेवटी बसवायचं. उलटं केलंत आणि पॉझिटिव्ह खोलताना पाना चेसिसला टेकला तर थेट शॉर्ट होतो. आता मीटरची लाल तार १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालून मीटर निगेटिव्ह टोक आणि सुटलेली वायर यांच्या मध्ये जोडा. असं जोडलेलं असताना चावी फिरवायची नाही, सेल्फला तर हातच लावायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. दोन मिनिटं थांबून आकडा वाचा. घड्याळ किंवा ईसीयू असलेल्या गाडीत काही मिलिअँपिअर चालतात, जुन्या साध्या गाडीत एकही नको. जास्त दिसलं तर एकेक फ्यूज उपसा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या लाइनीत चोर.

रानवाट
६२ मिलिअँपिअर! पण सगळे फ्यूज काढले तरी आकडा जागचा हलला नाही. मोबाइल चार्जरचं सॉकेट बाहेरून बसवून घेतलंय, ते सुटं केलं तर ६० झाला.

तांब्याची तार
उत्तम मोजलंत. ६० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला जवळजवळ दीड एएच. तुमची बॅटरी ९ ची, आणि सेल्फ मारायला ती पूर्ण रिकामी व्हावी लागत नाही, निम्मी झाली तरी अडतो. तीन-चार दिवसांचा हिशेब बरोबर जुळला.

फ्यूज काढूनही आकडा तसाच, म्हणजे हे काहीतरी फ्यूजबॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीवर आहे. सॉकेट निर्दोष निघालं. बऱ्याच गाड्यांत रेग्युलेटरही असाच जोडलेला असतो. मीटर तसाच ठेवा, इंजिन बंदच, आणि आधी स्टेटरकडून येणारं कपलर सोडवा. सहसा त्यात तीन पिवळ्या वायर असतात. आकडा बघा. मग रेग्युलेटरचं बॅटरीकडे जाणारं कपलर सोडवा आणि परत बघा. स्टेटरच्या पिवळ्या वायरी चेसिसला लागत नाहीत ना, तेही तपासा. त्यासाठी मीटर कंटिन्युइटीवर घ्या (दोन टोकं जोडलेली असली की बीप वाजते ते सेटिंग), बीप वाजता कामा नये.

रानवाट
स्टेटरचं कपलर काढलं तरी ६०. रेग्युलेटरचं काढलं आणि ०.८! पिवळ्या वायरी चेसिसला लागत नाहीत. पण दादा, रेग्युलेटर खराब असेल तर चार्जिंग १४.१ कसं येतं?

तांब्याची तार
इथेच बहुतेकांची गाडी अडते. रेग्युलेटरमधले डायोड करंट स्टेटरकडून बॅटरीकडे जाऊ देतात आणि उलट येऊ देत नाहीत. तुमच्यात हे दुसरं काम बिघडलंय. पहिलं चोख चालू आहे, म्हणून इंजिन चालू असताना सगळं छान दिसतं आणि गॅरेजमध्ये संशय बॅटरीवर जातो.

नवा रेग्युलेटर बसवताना तो चेसिसच्या धातूला घट्ट टेकलेला असू द्या, उष्णता तिथूनच जाते. कपलरच्या पिना काळ्या किंवा वितळलेल्या असतील तर कपलरही बदला. तोवर गाडी उभी करताना निगेटिव्ह काढून ठेवा. बॅटरी वारंवार तळाला गेली आहे आणि त्याने प्लेटांवर सल्फेट बसतं, म्हणून ती पूर्ण भरून सेल्फ मारताना एकदा मोजा. साडेनऊच्या खाली कोसळत नसेल तर बिनधास्त वापरा.

रानवाट
रेग्युलेटर बदलला, जुन्या कपलरची एक पिन खरंच काळी होती, तीही बदलली. आता चावी बंद असताना ३ मिलिअँपिअरही नाहीत, सॉकेट धरून. चार्जिंग १४.२. सेल्फ मारताना १०.४ पर्यंतच उतरते, म्हणजे बॅटरी वाचली. सॉकेट आता चावीच्या मागच्या लाइनीवर घेतोय, म्हणजे चावी बंद असताना त्याला वीजच जाणार नाही.