पॅड बदलल्यावर ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरतं. नव्या डिस्क टाकायच्या का?

मुलुंडकर
पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, ६० हजारांच्या आसपास चाललेली. पुढचे पॅड बदलले, डिस्क जुन्याच ठेवल्या. सुरुवातीला काहीच त्रास नव्हता. मग लोणावळ्याहून परतताना घाट उतरलो आणि तेव्हापासून ९० वरून ब्रेक लावला की स्टीअरिंग डावी-उजवीकडे थरथरतं, पेडलही पायाखाली किंचित नाचतं. वेग ५० च्या खाली आला की जवळपास थांबतं. ब्रेक न लावता गाडी एकदम गुळगुळीत. गॅरेजवाला म्हणतो डिस्क बेंड झाल्या, जोडी टाका. टायरवाला म्हणतो बॅलन्सिंग करा. खर्चात पडायच्या आधी काय तपासू? जॅक, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने नट आवळणारा पाना) घरी आहे, डायल गेज (फिरताना डिस्क किती डुलते ते सुईने दाखवणारं) आणि मायक्रोमीटर (जाडी मोजायला) मिळेल.

हबकॅप
बॅलन्सिंग डोक्यातून काढा. ते बिघडलं असतं तर ब्रेकला पाय न लावताही ८०-९० ला स्टीअरिंग हललं असतं. थरथर फक्त ब्रेकवर आणि तीही स्टीअरिंगमध्ये, म्हणजे संशय पुढच्या ब्रेकवर. मागचे ड्रम अंडाकृती झाले की हादरा जास्त करून सीटमध्ये येतो. खात्री करायची तर मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर ४० ला हँडब्रेकचं बटण दाबूनच ठेवा आणि लिव्हर हळू ओढा. बटण सोडायचं नाही, म्हणजे चाक जाम होऊ लागलं तर लगेच ढील देता येते. गाडी गचके न देता मंदावली तर मागच्या ब्रेकवरचा संशय बराचसा मिटला.

आता ‘बेंड’. बिडाची डिस्क एका घाटात पापडासारखी वाकत नाही. बहुतेक वेळा होतं ते असं की तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. ०.०२ मिलिमीटरचा फरकही पुरतो. ९० च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण १४ वेळा फिरतं. प्रत्येक फेरीत जाड भाग पॅडमधून जाताना पॅड दाबणाऱ्या पिस्टनला मागे ढकलतो, ब्रेकचं तेल मागे दाबलं जातं आणि पेडल नाचतं.

तुमच्या वर्णनात घाट महत्त्वाचा. पॅड नवे, अजून नीट बसलेले नाहीत, त्यात खाली उतरेपर्यंत सतत ब्रेकवर पाय. पुढे खालापूर टोलच्या रांगेत गाडी थांबते, पाय पेडलवर तसाच. लालबुंद नसली तरी चांगली तापलेली डिस्क आणि तिला एकाच जागी चिकटून धरलेला पॅड: पॅडचा थर तिथेच उमटतो. चाक काढून टॉर्चच्या उजेडात बघा. पॅडच्या आकाराचा काळपट-निळसर डाग दिसला तर चोर सापडला. १२० नंबरच्या एमरी पेपरने दोन्ही बाजू गोल-गोल घासा, पॅडचा चकाकणारा वरचा थरही काढा, ब्रेक क्लीनरने पुसा. धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही नको.

खरादी
डागाबद्दल सहमत, पण एमरी पेपरवर फार भिस्त ठेवू नका. थर नुसता वर बसलेला असेल तर घासून जातो. त्या जागी बीड जास्तच तापलं असेल तर खालचा भाग कडक होतो, आजूबाजूपेक्षा कमी झिजतो आणि थोड्या दिवसांत तिथेच पुन्हा उंचवटा येतो. घासल्यावर गाडी सुधारून परत बिघडली तर हेच समजा. अशा डिस्कचं लेथवर फेसिंग (वरचा थर कापून सपाट करणं) करूनही बऱ्याचदा तोच त्रास परत येतो, कारण कडक भाग खोलवर असतो. ती बदललेलीच बरी, आणि बदलाल तर जोडीनेच.

आधी मोजा मात्र. कडेपासून १० मिलिमीटर आत, गोलावर आठ ठिकाणी मायक्रोमीटरने जाडी घ्या. फरक ०.०२ च्या वर गेला तर थरथरीचं कारण तिथेच. सगळ्यात कमी आकडा डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून पाहा. तो तिच्या जवळ आला असेल तर फेसिंगचा विषयच संपला. जुन्या डिस्कच्या कडेला चढलेला काठ नव्या पॅडला टेकतोय का तेही बघा. टेकत असेल तर पॅड पूर्ण बसत नाही.

मग डायल गेज. चाक काढल्यावर डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग) सैल असते, म्हणून नटाखाली जाड वॉशर घालून सगळे नट आवळा आणि मगच गेज लावा. पूर्ण फेरीत सुई ०.०५ च्या आत हलली तर उत्तम. नेमकी मर्यादा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

आकडा जास्त आला तर डिस्कला लगेच दोष देऊ नका. मुंबईत हबला गंज धरतोच: समुद्राची हवा आणि चार महिने पावसाचं पाणी. डिस्क काढून परत बसवताना गंजाचा ०.०५ चा पापुद्रा मध्ये अडकला तर २४० मिलिमीटरच्या डिस्कच्या कडेला ते ०.०८ च्या वर जातं. ही चूक बसवल्या दिवशी कळत नाही, म्हणून गॅरेजही बिनधास्त असतं. ब्रेक सोडलेला असताना डिस्कचा तो भाग दर फेरीला पॅडला घासतो आणि काही हजार किलोमीटरनंतर जाडीत फरक पडतो. तेव्हा सगळे नव्या पॅडला शिव्या घालतात.

पाना_सतरा
दोन गोष्टी राहिल्या. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना काढून बघा. पिन हाताने सरकली पाहिजे, पाना लागला तर अडकलीये. जुनं ग्रीस पुसून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस नको, रबर फुगतं. कॅलिपर काढलात तर होजवर (ब्रेक तेलाची रबरी नळी) लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

दुसरं, चाकाचे नट. रस्त्याकडेचा टायरवाला हवेच्या गनने एक नट कचकचून आवळतो आणि दुसरा अर्धवट. डिस्क एका बाजूला ओढली जाते. मॅन्युअलमधल्या टॉर्कने, समोरासमोरच्या जोडीने, दोन टप्प्यांत आवळा. ही तपासणी फुकट आहे, म्हणून खरं तर सगळ्यात आधी हीच करा.

मुलुंडकर
आभार. हँडब्रेकवर गाडी गुळगुळीत थांबते. दोन्ही डिस्कवर फिकट डाग होते, घासल्यावर गेले. जाडीतला फरक डावीकडे ०.००८, उजवीकडे ०.०१४. डायल गेजवर डावी ०.०३, उजवी ०.११. उजव्या हबवर गंजाचा जाड कडा आहे. चार नटांचा हब आहे.

खरादी
डावी बाजू तशीच राहू द्या. उजवी डिस्क काढण्याआधी डिस्क आणि हब दोन्हींवर खडूने खूण करा. हबचा चेहरा वायर ब्रशने आणि मग एमरी पेपरने चकाकेपर्यंत साफ करा. स्टडच्या मुळाशी आणि मधल्या उभार कड्याभोवती गंज लपतो, तिथे जास्त वेळ द्या. डिस्कची मागची, हबला टेकणारी बाजूही तशीच. तिथे ग्रीस थापू नका. परत मोजा. तरीही ०.०५ च्या वर असेल तर डिस्क एक भोक पुढे फिरवून लावा, चार नटांच्या हबवर चार जागा मिळतात. हब आणि डिस्क यांचा तिरपेपणा एकमेकांना खोडून काढतो ती जागा निवडा. चारही ठिकाणी जमलं नाही तर गेज हबच्याच चेहऱ्यावर लावा. तिथेही सुई हलली तर दोष हबचा किंवा बेअरिंगचा, नवी डिस्क टाकून काही होणार नाही.

पाना_सतरा
आणि जोडून झालं की थांबलेल्या गाडीत पेडल कडक होईपर्यंत दाबा, मगच हलवा. नंतर पॅड बसवून घ्या: पहाटे पाम बीच रोडसारखा मोकळा रस्ता, मागे गाडी नाही अशी वेळ. ६० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा मिनिट गाडी धावू द्या. पूर्ण थांबायचं नाही. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न वापरता चालवून थंड करा. दिवसा ईस्टर्न एक्सप्रेसवर हे करू नका, मागचा थेट डिकीत येईल. घाटात यापुढे गिअर खाली ठेवून उतरा, आणि टोलच्या रांगेत सपाट जागा असेल तर ब्रेकवरचा पाय काढून गाडी इंचभर पुढे सरकत राहू द्या.