थोरल्या काकांनी टाकलेली रेडिओची क्लिप : घरच्या ग्रुपवरची चर्चा

थोरले काका: (ऑडिओ) आज कामावर जाताना गाडीत ऐकलं. शेवटचा फोन सगळ्यांनी नक्की ऐका, पन्नाशीत नोकरी गेलेल्या माणसाचा. साध्या माणसाच्या मनातलं बोललाय.

दादा: ऐकलं, बाबा. पण फोनच्या आधी होस्ट एच-वन बी, म्हणजे अमेरिकेत नोकरीसाठी मिळणाऱ्या व्हिसावाल्यांबद्दल काय बोललाय ते तुम्ही ऐकलंत ना? "हे लोक, हे लोक" म्हणजे कोण? तुमची सख्खी पुतणी त्याच व्हिसावर इथे नोकरी करते. तीही या ग्रुपवर आहे.

थोरले काका: तो कंपन्यांबद्दल बोलतोय. स्वस्तात माणसं आणायची आणि जुन्यांना घरी बसवायचं, हे चूकच आहे. २०१५ मध्ये डिस्नेची बातमी आली होती, आठवते का? ऑरलँडोतल्या आयटीवाल्यांना काढलं आणि जाता जाता नव्या माणसांना काम शिकवायला लावलं. तेव्हा तुम्हीही हळहळला होतात.

दादा: ती हळहळ आजही आहे. पण या क्लिपमध्ये कंपन्या सुरुवातीला येतात आणि लगेच गायब होतात. पुढे सगळं माणसांवर. कसे बोलतात, कसे राहतात. ग्रुपवर असलं येत राहणार असेल तर मी बाहेर पडतो.

आत्या: बाहेर पडायची भाषा नको रे बाबा. भाऊ, मला भरभर इंग्रजी कळत नाही. पण त्या माणसाचा नुसता आवाज ऐकून छातीत धडधडायला लागलं. तू हे रोज ऐकतोस?

थोरले काका: रोज. आणि का ऐकतो ते एकदा सांगतोच. मी इकडे आलो तेव्हा फिरतीची नोकरी होती, दिवसभर गाडीत एकटा. रश लिंबॉ हा उजव्या विचारांचा रेडिओ होस्ट, त्याचा कार्यक्रम १ ऑगस्ट १९८८ पासून देशभर लागायला लागला, दुपारच्या वेळी. टीव्हीवरचे लोक मला काय घडलं ते सांगायचे. हा विचारायचा, तुम्हाला काय वाटतं? ट्रक चालवणारा, शेतकरी, दुकानदार फोन करायचे आणि देशभर ऐकू जायचे. काही हॉटेलांनी दुपारी त्याचा कार्यक्रम ऐकायला वेगळी खोली ठेवली होती, रश रूम म्हणायचे. मी तिथे बसून जेवलोय. अनोळखी लोक टेबलावर सरकून जागा करून द्यायचे. त्या काळात मला या देशात दुसरं कोण जागा करून देत होतं? म्हणून मला कोणी डिट्टोहेड, म्हणजे त्याचा कट्टर चाहता, म्हणू नये. ते श्रोते स्वतःला तसं अभिमानाने म्हणवून घ्यायचे, मी कधीच म्हणवलं नाही. त्याच्या निम्म्या गोष्टी मला तेव्हाही पटायच्या नाहीत.

वहिनी: बाबा, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नव्हतंत.

थोरले काका: कोणी विचारलं नाही. सगळे म्हणतात ते बंद करा.

मी: काका, मी तर म्हणते बंद करू नका. फक्त त्या शेवटच्या फोनबद्दल मला बोलायचंय, कारण तुम्ही तोच ऐका म्हणालात. मी रेडिओत काम करते. आपल्याकडे भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र तेवढं जसंच्या तसं लावता येतं, त्यामुळे असा राजकीय टॉक शो आम्ही करत नाही. पण श्रोत्यांचे फोन घेण्याचं तंत्र सगळीकडे साधारण सारखंच. फोन थेट होस्टकडे जात नाही. आधी स्क्रीनर उचलतो. नाव, गाव, काय बोलणार, एवढं विचारतो आणि होस्टसमोरच्या पडद्यावर एका ओळीत टाकतो. होस्ट त्यातून निवडतो. आवाज काही सेकंद उशिरा हवेत जातो, नको ते कापता यावं म्हणून. रांगेतले कितीतरी जण कार्यक्रम संपेपर्यंत थांबून फोन ठेवून देतात. आणि मुळात ऐकणाऱ्यांतले अगदी थोडेच फोन लावतात. म्हणजे तुम्हाला वाटतं देश बोलतोय, पण जे ऐकू येतं ते इतक्या चाळण्यांतून आलेलं असतं. तो फोनवाला खोटा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. त्याची नोकरी गेली असेल तर त्याचं दुःख शंभर टक्के खरं. पण तोच का निवडला आणि त्याच्या पुढच्या रांगेत कोण होतं, हे आपल्याला कधी कळणार?

थोरले काका: विरोधातले फोनही घेतात. तू म्हणतेस तसं एकतर्फी नसतं.

मी: घेतात, उलट कधी कधी रांग मोडून आधी घेतात. वाद झाला की लोक स्टेशन बदलत नाहीत. पण त्यातही चिडलेला, अडखळणारा माणूस उपयोगी पडतो. शांतपणे दोन आकडे सांगणारा कार्यक्रमाचा वेग मारतो. हे डाव्या बाजूच्या होस्टलाही तितकंच लागू आहे.

थोरले काका: मग सांगतोच. मी एकदा फोन केला होता.

दादा: काय? कधी?

थोरले काका: मागे असाच व्हिसाचा विषय होता. मी म्हटलं, मी स्वतः बाहेरून आलोय, तुमचं कंपन्यांबद्दलचं म्हणणं मला पटतं, पण आलेल्या माणसांबद्दलचं नाही. स्क्रीनर मुलीने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, म्हणजे तुम्ही आमच्या बाजूचे की विरोधातले? मी म्हटलं, दोन्ही. बराच वेळ लाइनवर ठेवलं आणि मग आभार मानून फोन ठेवला.

वहिनी: बाबा 🙏

मी: काका, मला जे सांगायचंय ते हेच. "दोन्ही" म्हणणाऱ्या माणसाला त्या पडद्यावर रकानाच नाही. आणि ऐकणारे बहुतेक तुमच्यासारखेच असतात. थोडं पटतं, थोडं नाही. तेच कधी ऐकू येत नाहीत.

धाकटे काका: मी मघापासून वाचतोय. यात कायद्याचा भाग आहे म्हणून लिहितो. १९४९ पासून अमेरिकेत फेअरनेस डॉक्ट्रिन होती. परवाना घेतलेल्या स्टेशनने वादाच्या विषयांना वेळ द्यायचा आणि विरुद्ध मतांनाही वाजवी संधी द्यायची. त्यातूनच १९६७ मध्ये एफसीसीने, म्हणजे स्टेशनांना परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेने, व्यक्तिगत हल्ल्याचा नियम लेखी केला. एखाद्या व्यक्तीच्या किंवा गटाच्या चारित्र्यावर हल्ला झाला तर स्टेशनने आठवड्याच्या आत त्यांना कळवायचं, काय बोललं गेलं त्याची प्रत किंवा टेप द्यायची आणि त्याच स्टेशनवर उत्तर द्यायला वेळ द्यायचा. १९६९ मध्ये रेड लायन खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे सगळं वैध ठरवलं. निकाल एकमताचा होता. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या स्टेशनवर धर्मोपदेशकाने एका पत्रकारावर तोंडसुख घेतलं होतं आणि पत्रकाराने उत्तराला वेळ मागितला होता. कोर्टाने म्हटलं की प्रसारकाच्या हक्कापेक्षा ऐकणाऱ्याचा हक्क मोठा.

दादा: मग तो कायदा गेला कुठे?

धाकटे काका: १९८७ मध्ये एफसीसीनेच डॉक्ट्रिन सोडून दिली. त्याच्या थोडं आधी संसदेने ती कायद्यात बसवायचा प्रयत्न केला होता, राष्ट्राध्यक्ष रेगननी व्हेटो वापरला. व्यक्तिगत हल्ल्याचा नियम त्यानंतरही टिकून होता, तो २००० मध्ये गेला.

थोरले काका: आणि पुढच्याच वर्षी, ८८ मध्ये, लिंबॉ देशभर. तुला असंच म्हणायचंय ना? पण दुसरी बाजूही सांग, वकीलसाहेब. ती डॉक्ट्रिन होती तेव्हा स्टेशनवाले वादाच्या विषयाला हातच लावायचे नाहीत. उत्तराला फुकट वेळ कोण देत बसणार? त्यापेक्षा गाणी लावा. आणि सरकारात जो असेल तो विरोधी स्टेशनांवर तक्रारी ठोकायचा.

धाकटे काका: भाऊ, हे बरोबर आहे. एफसीसीने १९८५ च्या अहवालात हेच कारण दिलं होतं. आणि रेड लायनमधल्या त्या पत्रकारामागे डेमोक्रॅटिक पक्षाच्या लोकांची साथ होती, तेही पुढे उघड झालं. त्यामुळे सरकारने तराजू हातात धरावा असं मीही म्हणणार नाही. पण ज्याच्यावर बोललं गेलं त्याला कळवायचं आणि बोलू द्यायचं, हा भाग गेला याचं मला वाईट वाटतं. तो बाजू मोजत नव्हता. माणसाला उत्तर देऊ देत होता.

दादा: बाबा, खरं तर आमच्या बाजूचंही काही वेगळं नव्हतं. एअर अमेरिका हे डाव्या विचारांचं रेडिओ नेटवर्क २००४ मध्ये सुरू झालं तेव्हा मी उत्साहाने ऐकायचो. २०१० मध्ये बंद पडलं. तिथेही दुसऱ्या बाजूच्या माणसाला मूर्ख ठरवण्यातच निम्मा वेळ जायचा, आणि मला ते आवडायचं.

आत्या: मला एवढंच कळतंय की सगळे ओरडतात आणि ज्याच्याबद्दल ओरडतात तो घरी असतो. रागावलेला एखादा उठून काही करून बसला म्हणजे?

मी: आत्या, तसंही झालंय. डेन्व्हरमध्ये ॲलन बर्ग नावाचा होस्ट होता. ज्यू, उदारमतवादी, आणि फोन करणाऱ्यांना फाडकन तोडून टाकणारा. १८ जून १९८४ ला नव-नाझी टोळीने त्याला घराबाहेर गोळ्या घातल्या. म्हणून मला आवाजाची पट्टी महत्त्वाची वाटते, तो कोणत्याही बाजूचा असो.

ताई: मी मीटिंगमध्ये होते. सगळं वाचलं, क्लिप पूर्ण ऐकली. हल्ला माझ्यावर होता म्हणून उत्तर मी देते, काका, आणि तुम्ही ते पूर्ण वाचाल हे मला माहीत आहे.

त्या फोनवाल्याचं ऐकून मला वाईट वाटलं. पन्नाशीत नोकरी जाणं म्हणजे काय ते मी माझ्याच टीममध्ये पाहिलंय. पण होस्टने त्याला एकही प्रश्न विचारला नाही. कंपनी कोणती, काढताना काय कारण दिलं, काहीच नाही. लगेच "हे लोक" वर उडी. त्या माणसालाही त्यातून काय मिळालं?

आता माझं. दरवर्षी हे नवे व्हिसा ६५,००० आणि इथल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,०००, त्यातही सोडत. माझा व्हिसा कंपनीला बांधलेला आहे. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर निघायचं. ग्रीन कार्डात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे आपल्या लोकांची रांग दशकांची. म्हणून बॉस जास्त काम लादतो तेव्हा मी नाही म्हणू शकत नाही. त्या फोनवाल्याला वाटतं मी स्वस्त आहे म्हणून मला घेतलं. त्याहून मोठं कारण हे की मी सहजासहजी सोडून जाऊ शकत नाही. हे बदललं तर त्याचाही फायदा आहे आणि माझाही. आम्ही दोघं एकाच गोष्टीने अडकलोय आणि तो कार्यक्रम आम्हाला एकमेकांवर घालतोय. मला राग आला तो याचा.

थोरले काका: पूर्ण वाचलं. दोनदा.

थोरले काका: तू हे मला आधी का नाही सांगितलंस? साठ दिवसांचं मला माहीत नव्हतं. आमच्या वेळी असं काही डोक्यावर होतं की नाही तेही आठवत नाही, इतक्या लवकर ग्रीन कार्ड हातात आलं.

ताई: तुम्ही काळजी करत बसाल म्हणून.

धाकटे काका: मला वाटतं ग्रुपपुरता तो नियम आपण लावून घ्यावा. क्लिप कोणीही टाकावी, कोणत्याही बाजूची. पण पुढचं-मागचं न कापता टाकावी, आणि ज्याच्याबद्दल असेल त्याचं उत्तर येईपर्यंत दुसरी क्लिप नको.

दादा: चालेल. मी बाहेर पडत नाही.

थोरले काका: नियम मान्य. पण रोजचं ऐकणं मी सोडणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. कंपन्यांबद्दल तो बोलतो ते दुसरं कोणी बोलत नाही.

ताई: ऐका की काका. मीही अधूनमधून ऐकेन. तो कंपन्यांबद्दल कुठपर्यंत बोलतो आणि कुठे थांबतो ते मलाही पाहायचंय.

थोरले काका: सोमवारी मी परत फोन करणार आहे. तुझं साठ दिवसांचं आणि बॉसचं, एवढंच सांगतो, तुझं नाव न घेता. इंग्रजीत चार ओळी लिहून पाठव. बाजू कोणती विचारलं तर काय सांगू?

ताई: सांगा, ज्याची नोकरी गेली त्याच्या आणि जिला नोकरी सोडता येत नाही तिच्या.

दादा: बाबा, लाइनवर घेतलं नाही तरी स्क्रीनर काय म्हणाली ते इथे लिहा.