‘दुष्काळ सहनशील मका’ म्हणावे काय?

प्रश्न : मेक्सिकोतील सिमिट या आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राच्या कामावर मी एक टिपण लिहीत आहे. कमी पाण्यात तगणाऱ्या मक्याच्या वाणांसाठी मराठीत ‘दुष्काळ सहनशील’, ‘अवर्षण सहनशील’ आणि ‘अवर्षण प्रतिकारक’ असे तिन्ही शब्दप्रयोग आढळतात. यांपैकी नेमका कोणता घ्यावा, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर : ‘दुष्काळ’ आधी बाजूला ठेवावा. हा शब्द पिकाच्या नव्हे, माणसांच्या हालाखीचा आहे. तो जाहीर होतो, त्याची कामे निघतात आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे तो ओलाही असतो. मक्याला मुळांशी साचलेले पाणी सोसत नाही, त्यामुळे ‘दुष्काळ सहनशील’ वाचून मराठवाड्यातील एखाद्या शेतकऱ्याने हे वाण अतिवृष्टीतही टिकेल असे मानले, तर चूक लिहिणाऱ्याची ठरेल. ‘प्रतिकारक’ हा शब्द कीड-रोगांसाठीच राखलेला बरा.

राहिला ‘अवर्षण’. तो आभाळाविषयी सांगतो, रोपाविषयी नाही. सिमिटने १९७०च्या दशकात मोरेलोस राज्यातील त्लाल्तिसापान येथे ‘तुक्स्पेन्यो सेकिया’ या मक्यावर निवडीचे काम सुरू केले, ते मुद्दाम हिवाळ्याच्या कोरड्या हंगामात, फुलोऱ्याच्या सुमारास सिंचन थांबवून. (‘सेकिया’ म्हणजे स्पॅनिशमध्ये कोरड, ‘सेको’ म्हणजे कोरडा यावरून, तिथे ओल्याचा घोटाळा संभवत नाही.) पाऊस नसणे ही तेथे अडचण नव्हती, सोय होती. पाणी थांबवण्याच्या या कृतीला विदर्भातील संत्रा बागायतदाराकडे नेमका शब्द आहे : ताण देणे. पिकाला ताण बसतो, बहारासाठी दिलेला ताण पाणी देऊन तोडला जातो. म्हणून मी ‘पाण्याचा ताण सोसणारे वाण’ असे लिहीन.

ताण बसला की मक्यात काय होते, हे पाहिल्यास शब्द आणखी पटतो. शेंड्यावरचा तुरा जवळजवळ वेळेवर येतो, मात्र कणसाचे केस उशिरा बाहेर पडतात. प्रत्येक केस एका दाण्याचा, त्यामुळे पराग झडून गेल्यावर निघालेल्या केसांमागचे दाणे भरतच नाहीत. पैदासकार या दोहोंतील दिवस मोजतात आणि ज्या रोपांत हे अंतर कमी राहते ती पुढे नेतात. या मापाला ‘तुरा-केस अंतर’ म्हणावे. पाठ्यपुस्तकी ‘स्त्रीकेसर’ येथे संदिग्ध आहे, कारण तो शब्द फुलाच्या संपूर्ण मादी अवयवालाही लावला जातो.

प्रतिप्रश्न : आपले म्हणणे पटते, परंतु बागायतदार फूल यावे म्हणून ताण देतो आणि पैदासकार कोण टिकते ते पाहण्यासाठी. एकच शब्द दोन्हींकडे चालेल काय?

उत्तर : हेतू वेगळे आहेत, कृती एकच आहे, आणि शब्द कृतीचा आहे, म्हणून चालेल. फक्त ‘ताण’ एकटा सोडू नये. पाण्याचा ताण सोसणारे वाण पाणी आणि उष्णता या दोन्हींचा ताण एकत्र आल्यावर टिकेलच असे नाही, कारण या दोन गुणांची आनुवंशिकता बऱ्याच अंशी वेगळी आढळली आहे. तेव्हा ‘पाण्याचा’, ‘उष्णतेचा’ की ‘दोन्हींचा’, हे टिपणात प्रत्येक ठिकाणी लिहावे. नुसते ‘ताण सहनशील’ म्हटल्यास बियाणे घेणाऱ्याला काहीच कळणार नाही.