पाणी मोजके आणि घरी पाहुणे : मराठवाड्यातील अनुभव

आपल्याकडे उन्हाळा, लग्नसराई आणि शाळेच्या सुट्ट्या एकत्र येतात, म्हणजे नळाला आठ-आठ दिवस पाणी नसते तेव्हाच घर माणसांनी भरते. अशा दिवसांत पाहुणचार कसा निभावला, ते कृपया लिहावे. सल्ल्याऐवजी प्रत्यक्ष घडलेले आणि बादल्यांच्या हिशोबासह लिहिले तर इतरांना अधिक उपयोग होईल. सुरुवात मीच करते.

लातूर
२०१६ चा एप्रिल होता. मांजरा धरण आटले होते आणि १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली होती. त्याच आठवड्यात सासूबाईंचे डोळ्याचे ऑपरेशन झाले म्हणून नणंद दोन मुलांसह पुण्याहून आल्या. घरात पाचशे लिटरची टाकी आणि दोनशे लिटरच्या दोन टिपा, एवढाच साठा होता, आणि टँकर पुन्हा आठ दिवसांनी यायचा होता. माहेरपणाला आलेल्या बाईला पाणी जपून वापरा असे कसे सांगावे, या संकोचाने मी गप्प राहिले, ही माझी चूक झाली. मुलांनी शॉवरखाली आंघोळी केल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर टाकी निम्मी झाली होती.

मग मी वन्संना टाकीपाशी नेऊन सगळे सांगितले. त्या रागावल्या त्या मी आधी न सांगितल्याबद्दल. त्यांनी मुलांकडून बादलीवर दहा लिटरच्या मापाशी खडूने रेघ मारून घेतली. सहा माणसांचे साठ लिटर, आणि तेही वाया न जाणारे, कारण प्रत्येकाने प्लास्टिकच्या टबात उभे राहून आंघोळ करायची आणि टबातले पाणी संडासासाठी भरून ठेवायचे, असे ठरले. हात धुण्याच्या पाण्यात मात्र आम्ही काटकसर केली नाही. घरात ऑपरेशन झालेले माणूस होते. निघताना वन्संनी मुलांचे मळलेले कपडे तर नेलेच, शिवाय सासूबाईंच्या दोन चादरीही पुण्याला धुवायला नेल्या. त्या चादरी पिशवीत भरताना मला रडू आवरले नाही.

जालना
२०१८ मध्ये अधिक महिना ज्येष्ठात, म्हणजे ऐन मे-जूनमध्ये आला होता. लेक-जावयाला धोंडे जेवायला बोलावले नाही, असे आमच्या घरी कधी झाले नव्हते. जावयांचे पाय परातीत धुतले आणि ते पाणी लिंबाच्या आळ्यात ओतले. खरा खर्च भांड्यांचा होता, कारण पुरणाचे धोंडे आणि त्यांवर तूप म्हटल्यावर थाळ्या तुपकट होणारच. म्हणून थाळ्या आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घेतल्या आणि तीन घमेली ओळीने मांडली. पहिल्यात घासायचे, दुसऱ्यात विसळायचे, तिसऱ्यात स्वच्छ पाण्यातून काढायचे. पहिले गढूळ झाले की तेवढेच ओतून द्यायचे आणि दुसऱ्याला पहिल्याच्या जागी आणायचे. वीस माणसांची भांडी चार बादल्यांत निघाली. पळसाच्या पत्रावळी मिळाल्या असत्या तर तेवढेही लागले नसते.

छत्रपती संभाजीनगर
पैठणचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर असूनही आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. पाहुण्यांना भरलेले पेले देणे आम्ही बंद केले आणि आजीच्या पद्धतीने तांब्या व फुलपात्र ठेवू लागलो. ज्याला जेवढी तहान, तेवढेच तो ओतून घेतो आणि तांब्यातले पाणी उष्टे होत नाही. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या नळीतून वाया जाणारे पाणीही बादलीत धरतो. ते खारट असल्याने झाडांना घालत नाही, फरशी पुसायला वापरतो.

बीड जिल्हा, आष्टी तालुका
मी पाहुणा या नात्याने लिहितो. गावी बहिणीकडे जाताना मिठाईच्या पुड्याबरोबर वीस लिटरचे दोन जार गाडीत घालून नेतो. पहिल्यांदा नेले तेव्हा बहिणीला वाईट वाटले आणि तिने ते ओसरीतच ठेवले. संध्याकाळी शेजारची म्हातारी सुनेच्या बाळंतपणासाठी पाणी मागायला आली, तेव्हा बहिणीने त्यातलाच एक जार उचलून तिला दिला. आता ती मला फोनवरच सांगते, “दादा, येताना तीन आण.”