मदत हवी आहे: शांती ठेवायची की खरेपणा?

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. मी नागपूरला सदर भागात राहते, आणि एका गोष्टीत खरंच मार्गदर्शन हवंय.

आईबाबांचं जुनं घर विकायचं ठरलं, तर मोठा भाऊ म्हणतो रजिस्ट्रीत किंमत कमी दाखवू, बाकी कॅश घेऊ, सगळेच करतात. मी म्हटलं दादा, मी खोट्या कागदावर सही नाही करणार, तर तेव्हापासून बोलणंच बंद, वहिनी पण फोन उचलत नाही, नाताळला एकाच चर्चमध्ये दोन टोकांना बसलो.

आता बायबलच्या इब्री 12:14 मध्ये शांती आणि पवित्रता दोन्हीच्या मागे लागा असं एकत्रच सांगितलंय, मग मी एक धरलं की दुसरं सुटतंय असं का वाटतं? रोमकरांस 12:18 वाचून थोडा धीर येतो, तिथे "तुमच्याकडून होईल तितकं" असं म्हटलंय. पण मत्तय 5 मध्ये अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट कर असं आहे ना, त्यामुळे प्रभुभोजनाच्या रविवारी चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घ्यायला हात पुढे करताना फार जड जातं. आणि खरं सांगते, मनात कडूपणा पण आलाय, तो मला नकोय.

सही तर मी करणार नाहीच, ते पक्कं आहे. पण दादाकडे आधी कोणी जावं, मी एकटी की पाळकसाहेबांना घेऊन? तिथे घराचा विषय काढू की नुसतं भेटून येऊ? कोणी असं अनुभवलं असेल तर प्लीज सांगा, आणि आमच्यासाठी प्रार्थना करा.